केंद्राचा कागद आणि गाडीची चावी

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून):

"माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. नोकरी चांगली, लग्न झालेलं, चार वर्षांची मुलगी. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला नाकाबंदीत सापडला. मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा आला ९६. झडतीत गांजाची लहानशी पुडीही निघाली, म्हणून दोन केसेस झाल्या. दोन वर्षांपूर्वीही तो असाच पकडला गेला होता. तेव्हा कोर्टातला दंड मी भरला आणि घरात कुणाला काही कळू दिलं नाही. मोटारसायकल माझ्या नावावर आहे. आठवड्याभरानं ती सोडवून आणली, तीही त्यानंच चालवत आणली, मी मागे बसलो होतो. ओळखीच्या एका गृहस्थांनी सुचवलंय की व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केल्याचा कागद कोर्टापुढे ठेवा, शिक्षा टळेल. भावजय म्हणते, एकदा भोगू दे, त्याशिवाय सुधारणार नाही. भाऊ म्हणतो, मी काय बेवडा आहे का, दंड भरा नि मोकळे व्हा. आईची तब्येत नाजूक आहे, तिला यातलं काही माहीत नाही. तारीख तीन आठवड्यांवर आलीय. आजारी माणसाला तुरुंगात घालण्यापेक्षा त्याच्यावर उपचार करणं जास्त माणुसकीचं नाही का? शिक्षेऐवजी उपचार मागू, की होईल ते होऊ देऊ?"

– एक मोठा भाऊ

प्रिय दादा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या प्रश्नाकडे लक्ष होतं. दुसऱ्यांदा एका ओळीवर अडकले: "तीही त्यानंच चालवत आणली, मी मागे बसलो होतो." जाता जाता लिहून गेलात तुम्ही, पण मला विचाराल तर सगळं पत्र त्या ओळीत आहे. पोलिसांकडे अडकलेली गाडी सोडवायला मोठा भाऊ जातो, कागदांवर सह्या करतो, आणि फाटकाबाहेर आल्यावर ज्याच्यापायी हे सगळं झालं त्याच्याच हातात चावी ठेवतो. का ठेवलीत? सवयीनं? की चारचौघांत त्याला खाली मान घालावी लागू नये म्हणून? मला नका सांगू, स्वतःला विचारा.

शिक्षा की उपचार हे कोर्ट ठरवेल, डॉक्टर ठरवतील. उद्या सकाळी चावी कुणाच्या खिशात असेल, ते मात्र तुमच्या हातात आहे.

आता तुमचा प्रश्न. व्यसन हा आजार आहे, हे मी समोर बसलेल्या कुटुंबांना इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. त्यामुळे "आजारी माणसावर उपचार करणं माणुसकीचं" यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. फक्त त्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटल्यात, त्या सोडवून बघू. पिणं हा आजार असू शकतो. पिऊन गाडीला किक मारणं हा आजार नाही, ते केलेलं काम आहे. रोज पिणारे कितीतरी जण प्यायल्यावर गाडीला हात लावत नाहीत. रिक्षा करतात, मुलाला बोलावतात, नाहीतर चालत येतात. आणि वर्षातून दोनदाच पिणारा एखादा त्या दोनपैकी एका रात्री कुणाच्या तरी अंगावर गाडी घालतो. उपचार पिण्यावर होतात. लायसन्स जातं ते चालवण्याबद्दल. एकाच्या बदल्यात दुसरं माफ करा म्हणणं म्हणजे दाढ काढली म्हणून लाइटबिल माफ करा म्हणण्यासारखं आहे.

कायद्याचं आधी उरकते, कारण तारीख जवळ आलीय. भावावर दोन केसेस आहेत, दोन्हींची जात वेगळी आहे, आणि तुमच्या त्या ओळखीच्या गृहस्थांनी त्यांची खिचडी केलीय.

गांजाची पुडी १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात येते, म्हणजे अमली पदार्थांच्या. त्या कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे. सेवनाचा आरोप असलेला किंवा अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचारांना तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंतचं प्रमाण अल्प धरतात, तेव्हा खिशातली पुडी त्यात बसते. याच कायद्याचं कलम ३९ आणखी एक सोय करतं: काही गुन्ह्यांत दोषी ठरल्यावरही कोर्ट व्यसनी माणसाला लगेच शिक्षा न सुनावता, त्याच्या संमतीनं, उपचारांसाठी सोडू शकतं. म्हणजे शिक्षेऐवजी उपचार ही कल्पना आपल्या कायद्याला नवी नाही. पण ६४-अ ला एक शेपूट आहे, ते गृहस्थ तुम्हाला सांगायला विसरले. उपचार पूर्ण केले नाहीत तर दिलेली सवलत काढून घेता येते. दाखल झाल्याच्या कागदावर काही भागत नाही.

दारूची केस मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा. भावाचा आकडा तिच्या तिपटीच्याही वर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हेल्मेटच्या केससारखी ही जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. आणि या कलमाला ६४-अ सारखी पळवाट नाही. केंद्रात गेला म्हणून खटला मागे घेतला, असं यात कुठेही लिहिलेलं नाही. तुम्हाला मिळालेला सल्ला गांजापुरता अर्धा बरोबर आणि दारूपुरता पूर्ण चूक आहे.

मग दारूच्या केसमध्ये उपचारांना काही किंमतच नाही का? आहे. कमाल शिक्षा कायदा सांगतो, प्रत्यक्षात किती द्यायची ते न्यायाधीश ठरवतात, आणि माणूस खरंच धडपडतोय की नाटक करतोय हे त्यांना बऱ्यापैकी कळतं. १९५८ चा प्रोबेशनचा कायदाही आहे. त्यात माणसाला हमीपत्रावर सोडताना नशेपासून दूर राहण्याची अट कोर्ट घालू शकतं. तुमच्या भावाला, तेही दुसऱ्या वेळेला, याचा फायदा मिळेल का हे तुमच्या वकिलांनाच विचारा. त्यांना दोन वर्षांपूर्वीची केसही सांगा. वकिलापासून मागची केस लपवणारी माणसं मी पाहिलीत. ती समोरच्या बाजूच्या कागदांतून निघते, आणि आपलाच वकील आपल्याकडे बघत राहतो.

लायसन्सबद्दल माझं मत ऐका, कदाचित आवडणार नाही. पिऊन चालवताना सापडलेल्याचं लायसन्स पोलीस जप्त करून आरटीओकडे पाठवतात. पहिल्या वेळेला तीन महिन्यांची अपात्रता आणि दुसऱ्यांदा लायसन्स रद्द, अशी आताची तरतूद आहे. कैद होऊ नये म्हणून वकिलांनी काय करायचं ते करावं. लायसन्ससाठी भांडू नका. जाऊ द्या.

हे मी रागानं म्हणत नाही. जगात हे करून बघून झालंय. अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून पिऊन चालवणाऱ्यांना उपचारांकडे वळवायला सुरुवात झाली, काही ठिकाणी तर उपचार घ्या आणि लायसन्स ठेवा असा सरळ सौदा होता. पुढे १९९५ साली अशा २१५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. उपचारांमुळे पुन्हा पिऊन चालवण्याचं प्रमाण सात ते नऊ टक्क्यांनी कमी होतं, असं त्यात दिसलं. आकडा लहान आहे, पण खरा आहे. आणि सगळ्यात चांगला परिणाम दिसला तो उपचार आणि लायसन्सवरची कारवाई एकत्र असताना. 'ऐवजी' या शब्दात काय बिघडलंय ते इथे दिसतं. आज कॅलिफोर्नियात या गुन्ह्यात खटला बाजूला ठेवून उपचारांकडे वळवायला सर्वसाधारणपणे कायद्यानंच मनाई आहे. उपचार आहेत, सक्तीचे आहेत, पण शिक्षेच्या सोबत.

ब्रिटनमध्ये गाडी चालवायला वर्षभराची किंवा जास्त बंदी झालेल्याला कोर्ट एक सुधार-अभ्यासक्रम देऊ करू शकतं. पदरचे पैसे भरून तो पूर्ण केला तर बंदीचा साधारण चौथा हिस्सा कमी होतो. चौथा हिस्सा, सगळी नाही. जर्मनीत जास्त प्यायलेला किंवा पुन्हा सापडलेला चालक लायसन्स परत मागायला गेला की त्याला वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणीतून जावं लागतं. लोकांनी तिचं नाव 'मूर्खांची परीक्षा' ठेवलंय, यावरून ती किती लाडकी आहे ते समजा. कित्येकांना तिथे आधी सहा महिने, वर्षभर दारूला शिवलो नाही याचा पुरावा द्यावा लागतो, केस नाहीतर लघवी तपासून.

मला यातला सगळ्यात पटलेला प्रयोग अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातला. २००५ मध्ये सुरू झाला. पुन्हा पुन्हा पिऊन चालवणाऱ्यांना सांगितलं, बाहेर राहा, नोकरी करा, घरी झोपा. फक्त रोज सकाळ-संध्याकाळ येऊन मशीनमध्ये फुंकून जा. आकडा आला की त्याच दिवशी आत, एक-दोन रात्री. पुढच्या महिन्याची तारीख नाही, वकील नाही, लांबलचक शिक्षा नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या योजनेमुळे पुन्हा पिऊन चालवल्याबद्दलच्या अटका १२ टक्क्यांनी आणि घरातल्या मारहाणीबद्दलच्या अटका ९ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. दुसरा आकडा वाचून मी जरा वेळ थांबले होते. शिक्षा जबर असण्यापेक्षा ती लगेच होणं आणि चुकणार नाही याची खात्री असणं जास्त कामाला येतं. आपल्याकडे अशी योजना नाही. पण तिच्यातली गोम घरात वापरता येते, त्याबद्दल पुढे सांगते.

कागदाबद्दल थोडं. एक बाई माझ्याकडे नवऱ्याचं प्रमाणपत्र घेऊन आल्या होत्या. लॅमिनेट केलेलं, कोपऱ्यात गोल शिक्का, 'तीस दिवसांचे उपचार यशस्वीरीत्या पूर्ण'. नवरा नऊ दिवस तिथे होता, उरलेले एकवीस बहिणीकडे. पैसे पूर्ण भरले होते, कागद पूर्ण मिळाला. कोर्टात तो चालला की नाही मला माहीत नाही. पण सहा महिन्यांनी त्या बाई तोच कागद माझ्या टेबलावर ठेवून विचारत होत्या, "यावर लिहिलंय की बरा झाला, मग पितो कसा?" काय सांगणार? घरातल्या सगळ्यांनी मिळून कोर्टाला फसवायला जो कागद तयार केला, त्यावर सगळ्यात आधी विश्वास बसला होता तो घरातल्याच माणसाचा.

आता भावाचा मुद्दा. "मी काय बेवडा आहे का?" हा प्रश्न उडवून लावू नका. तो अर्धा बरोबर असू शकतो. दोनदा पकडला गेलेला प्रत्येक जण दारूच्या पूर्ण आहारी गेलेला असतोच असं नाही, आणि ज्याला गरज नाही त्याला महिनाभर केंद्रात ठेवण्यात कुणाचंच भलं नाही. हे ठरवायची रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं केलेली दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, तिला ऑडिट म्हणतात. किती पिता, किती वेळा, सुरू केल्यावर थांबता येतं का, सकाळी लागते का, कुणी काळजीनं बोललंय का, असे साधे प्रश्न. दहा मिनिटांत होते. कमी गुण आले तर समुपदेशनाच्या काही बैठकांनी भागतं, मधले आले तर बाह्यरुग्ण उपचार, खूपच जास्त आले तर दाखल होण्याचा विचार. हे त्याच्या मनानं नको, तुमच्या मनानंही नको आणि माझ्याही नको. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

पण त्याला एक गोष्ट जरूर सांगा. ९६ आकडा असताना तो बहुधा सरळ चालत होता, पोलिसांशी नीट बोलत होता, आणि घरी येऊन म्हणाला असेल की मला तर काहीच चढली नव्हती. लोक हे कौतुकानं सांगतात. शरीराला सवय झाली की तेवढ्याच दारूनं झिंग कमी येते. हात स्थिर वाटतात, पण अचानक कुणी आडवं आलं तर ब्रेकपर्यंत पाय पोचायला लागणारा वेळ मात्र लांबलेलाच असतो. "मला चढत नाही" ही डॉक्टरला सांगायची तक्रार आहे. शिवाय त्या मशीनला गांजा दिसत नाही. दारूवर गांजा असेल तर त्याची खरी अवस्था ९६ पेक्षाही वाईट होती.

गांजाबद्दल आणखी एक, कारण यावरून घरोघरी भांडणं होतात. नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश सोडल्यावरही कित्येक दिवस, कधी काही आठवडे सापडतो. पहिल्या महिन्यातली तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून "खोटं बोलतोस" असा गळा काढू नका. रिपोर्ट डॉक्टरांना वाचू द्या.

भावजयीचं "एकदा भोगू दे" तुम्हाला निष्ठुर वाटलं असावं, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. मला नाही वाटलं. रात्री साडेअकराला फोन न उचलणाऱ्या नवऱ्याची वाट बघणं काय असतं ते तिला माहीत आहे, तुम्हाला नाही. पण तिच्या बोलण्यातही एक आशा लपलीय, की तुरुंग माणसाला सुधारतो. नुसता तुरुंग दारू सोडवत नाही. चार-आठ दिवस आत काढून माणूस बाहेर येतो, आणि बहुतेक वेळा पहिला थांबा ठरलेला असतो. आणि खरोखर आत जायची वेळ आली तर पहिल्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांना सांगा की हा किती आणि किती वेळा पितो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापणं, घाम, भ्रम, प्रसंगी फिट येणं असं होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. घरी बंद करायची झाली तरी हेच. "खोलीत कोंडतो, चार दिवसांत सुटेल" हा प्रकार नको.

तसंच चहा-जेवणातून गुपचूप गोळी देणं नको. दारू सोडवायची म्हणून जी गोळी मिळते, तिच्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. ती घेणाऱ्याला ठाऊक असलीच पाहिजे. जाहिरातीतल्या 'पत्नी नकळत देऊ शकते' छापाच्या पुड्या तर हातातसुद्धा घेऊ नका.

केंद्राची निवड करायची वेळ आली तर चांगल्या केंद्राच्या खुणा सोप्या आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ खरंच येतात का, घरच्यांना भेटू देतात का, आणि सुट्टी झाल्यावर पुढे बोलावतात का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मुक्तांगणसारखी १९८६ पासूनची संस्था घ्या. तिथला मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा, पण पाठपुरावा पुढे चालूच. "आम्ही गाडी पाठवतो, झोपेत उचलून आणतो" असं फोनवर कुणी म्हणालं तर फोन ठेवा. माणसाच्या मर्जीविरुद्ध दाखल करायला त्या कायद्यात ठरलेली पद्धत आहे, तज्ज्ञांची तपासणी आहे, मुदत आहे. चार पैलवान नि एक व्हॅन ही ती पद्धत नव्हे. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे.

आता तुमच्याबद्दल, दादा. दोन वर्षांपूर्वी दंड तुम्ही भरलात. प्रेमानं भरलात, त्यात शंका नाही. पण त्या रात्रीची किंमत ज्यानं मोजायची त्यानं मोजली नाही, आणि बायकोला कळलं नाही, आईला कळलं नाही. त्याच्या लेखी ती रात्र घडलीच नाही. दोन वर्षं गेली. या वेळी वकिलाची फी, दंड, जे काही होईल ते त्याच्या पगारातून जाऊ द्या. हप्त्यानं जाईना. तुमच्याकडून उसने घेतले तर कागदावर लिहून घ्या, बायकोसमोर.

साउथ डकोटाची गोम म्हणाले होते, ती अशी. घरात एकच नियम करा, आधी सांगून, सगळ्यांसमोर, दिवसाच्या उजेडात: प्यायलास तर आम्ही ओरडणार नाही, पण त्या रात्री आणि पुढचे सात दिवस मुलगी तुझ्यासोबत कुठल्याही गाडीवर बसणार नाही. दर वेळी. सण असो, पाहुणे असोत, तो रडो, माफी मागो. धमकी मोठी नको. पाळता येईल एवढीच हवी. "पुन्हा प्यायलास तर घराबाहेर काढीन" हे वाक्य तुमच्या घरात बोलून झालं असणार, आणि तो अजून घरातच आहे.

आणि चावी. गाडी तुमच्या नावावर आहे. लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी दिली तर मालकालाही शिक्षा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तेव्हा हे निव्वळ भावाच्या मायेचं प्रकरण राहिलेलं नाही. दुसरी चावीही शोधा. ती बहुतेक टीव्हीखालच्या खणात नाहीतर देव्हाऱ्याजवळ असते. दोन्ही तुमच्याकडे घ्या. तो म्हणेल ऑफिसला कसं जाऊ. ज्याच्याकडे गाडी नाही ते जसे जातात तसा. भांडण होईल, आठ-दहा दिवस घुसमट होईल. मुलीला शाळेत कोण सोडणार, हे मात्र आधी ठरवून ठेवा, नाहीतर सोमवारी सकाळी साडेसातला चावी परत त्याच्या हातात जाईल. माझ्या पाहण्यात निम्मे निर्धार सोमवारी सकाळी मोडतात.

आईला सांगायचं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी विचारल्यासारखंच आहे. तब्येत नाजूक आहे, डॉक्टरांना विचारून सांगा. पण तिला खरंच माहीत नाही, याबद्दल मला दाट शंका आहे. आयांना कळतं. त्या बोलत नाहीत.

भावजयीला एकटं ठेवू नका. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, फुकट, नाव विचारत नाहीत. तिनं जावं, आणि एखाद्या सभेला तुम्हीही. तिथे बसलेल्या कितीतरी जणांनी कधी ना कधी कुणाचा तरी दंड भरलेला असतो.

तारखेपर्यंत तीन आठवडे आहेत. एवढ्यात डॉक्टरांची पहिली भेट होईल, ऑडिटचे गुण कळतील, वकील ६४-अ चा अर्ज करायचा का ते सांगतील, आणि उपचार खरंच सुरू झाले असतील तर त्याचे खरे कागद आपोआप जमतील: केस पेपर, गोळ्यांची चिठ्ठी, पुढच्या भेटीची तारीख. ते कोर्टापुढे ठेवा. शिक्षा टळावी म्हणून नाही, विचारलं तर दाखवायला.

आणि त्या दिवशी कोर्टात दोघं बसनं जा.